भोपूचे पाय

कुत्र्याच्या पिलाला दोरी बांधून त्याच्यासोबत पळणारी माणसं मला बघवत नाहीत. इथे हैदराबादला, तारनाक्याजवळ, विद्यापीठाच्या रस्त्यावर, ती रोज सकाळी दिसतात. पायात महागडे बूट, मनगटावर घड्याळ, कानात काहीतरी खुपसलेलं, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला चार-पाच महिन्यांचं पिल्लू, जीभ बाहेर, कान मागे पडलेले. माणूस पुढे बघत असतो. दोरीला ताण बसत नाही, पिल्लू येतंच आहे, मग मागे वळून बघायचं कशाला? फिरायला निघालेली मी तशीच माघारी वळते आणि घरी येऊन चहासुद्धा घेत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर आदित्य नावाचा मुलगा राहतो. पुण्याचा, इथे कंपनीत आहे, एकटाच असतो. मागच्या महिन्यात त्याने एक पिल्लू आणलं, सोनेरी रंगाचं, मोठ्या जातीचं, पंजे बघितले तरी कळावं की हा गडी मोठा होणार. परवा जिन्यात त्याने मला थांबवलं. "काकू, तुमच्याकडे पूर्वी डॉग होता ना? मग सांगा, ह्याला घेऊन रनिंग कधीपासून सुरू केलेलं सेफ?" मी म्हटलं, "वर्षभर तरी नाही. दीड वर्ष झालं तर उत्तम." तो हसला. "पण काकू, तो स्वतःच पळतो. मी थांबलो तरी तो थांबत नाही. ही लव्ह्ज इट." हे वाक्य मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकत होते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते जामबागच्या आमच्या घरात, दक्खनी वळणाच्या मराठीत बोललं गेलं होतं. मराठी वाचताना आदित्यचं डोकं दुखतं, असं त्यानेच मला सांगितलंय, तेव्हा हे प्रकरण तो वाचणार नाही. तरी लिहिते.

जामबागला आम्ही दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायचो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडे एक लांबट गॅलरी. वडील, म्हणजे आमचे दादा, सुलतान बाजारात साड्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसत. दिवसभर गिऱ्हाइकांशी हसून हसून घरी आले की त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. आई अतिशय टापटिपीची. शिळ्या भांड्याचा वास तिला गॅलरीतून कळायचा. "शी!" हा तिचा आवडता शब्द. दुधावरची साय बोटाने काढली, शी. पाय न धुता आत आलात, शी. मीही तिच्यावरच गेले आहे, हे आता मला मान्य करायला हरकत नाही.

आणि तिसरे वसंतकाका, दादांचे धाकटे भाऊ, वीज खात्यात नोकरी, लग्न केलेलं नाही, राहायला आमच्यातच. काकांचा सगळा जीव व्यायामशाळेत. पहाटे उठून ते अंगाला मोहरीचं तेल चोळत, आणि तो वास दुपारपर्यंत घरात हिंडायचा. भिजवलेले हरभरे वाटीत मोड येऊन आंबूस झाले तरी ते चघळत बसायचे, आणि बोलताना त्यांची सालं समोरच्याच्या अंगावर उडायची. दुधात कच्ची अंडी फोडून प्यायचे, ती माझ्या नावाच्या पेल्यातून. त्यांचा लंगोट गॅलरीतल्या तारेवर माझ्या शाळेच्या पिनाफोरला चिकटून वाळायचा. मी तक्रार केली की म्हणायचे, "अगं, कसरतीचा कपडा आहे तो, कायकू परेशान होतेस?" आजही मोहरीच्या तेलाचा वास आला की मी खिडकी उघडते.

भोपू मला माझ्या मावशीमुळे मिळाला. मावशी तारनाक्याला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहायची आणि तिच्या शेजारच्यांची अल्सेशियन कुत्री व्याली होती. सगळी पिल्लं उचलली गेली, हे एक मागे राहिलं, कारण ते नुसतंच जाडं आणि गोल होतं आणि बसल्या जागी झोपायचं. मी तेरा वर्षांची होते. मी त्याला फ्रॉकच्या घेरात घालून बसने घरी आणलं. आईने दारातच हात जोडले. "शी! केस पडतील, लघवी करेल, माझ्या ओट्याजवळ दिसला तर बघ." ती कधीच त्याला हात लावायची नाही. भाकरीचा तुकडा द्यायचा तरी वरून टाकायची. पण तुकडा टाकायची, आणि त्यावर दूधही. भोपू उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला हनुवटी टेकून, शहाबादी फरशीवर पोट पसरून पडायचा, आणि आई त्याला ओलांडून ये-जा करायची.

भोपू हे नाव काकांना पसंत पडलं नाही. "अल्सेशियनचं नाव आहे का हे? तुफान म्हणा." घरात त्याला कुणीच तुफान म्हटलं नाही, पण व्यायामशाळेत तो तुफान झाला. चार महिन्यांचा असताना काकांनी त्याला पहिल्यांदा सायकलच्या हँडलला बांधून नेलं. जामबागहून पुतळीबावलीकडे, तिथून पुढे चादरघाटापर्यंत आणि परत. मी शाळेत जायला निघाले होते, जिन्यातच दोघे भेटले. काका घामाने निथळत होते, आणि भोपूच्या तोंडातून पांढरा फेस लोंबत होता. वर आल्यावर तो पाणी प्यायला, सगळं ओकला, आणि त्यातच आडवा झाला. काका कौतुकाने म्हणाले, "काय दम आहे! एकदा पण थांबला नाही. स्वतःच पळत होता, मी खेचलंसुद्धा नाही." ते ओकलेलं मी पुसलं. काका हात धुवून जेवायला बसले.

मग ते रोजचं झालं. हाडं बळकट व्हावीत म्हणून काका हॉटेलातून बोकडाच्या पायांचं सूप डब्यात भरून आणायचे. आमच्या शाकाहारी घरात तो डबा गॅलरीत उघडला जायचा, गार झाल्यावर वर चरबीचा जाड थर धरायचा, आणि काका बोटाने तो थर काढून भोपूला चाटवायचे. नंतर तेच बोट धोतराला पुसायचे. आईने त्या काळात गॅलरीत तुळशीला पाणी घालायला जाणं सोडलं, ते काम माझ्याकडे आलं. आणि तिथेच, सकाळी तुळशीपाशी, माझ्या लक्षात आलं की भोपूला उठता येत नाहीये. म्हणजे तो उठायचा, पण आधी मागचे पाय, मग थोडा वेळ तसाच, मग पुढचा एक पाय, आणि दुसरा टेकवताना अंग चोरायचा. आमच्या घरमालकांच्या म्हाताऱ्या वडिलांना मी जिन्यात तसं उठताना बघायची. हे तर पिल्लू होतं. खाली सायकलची घंटी वाजली की मात्र हे सगळं विसरून तो जिन्याकडे धावायचा.

मी दादांच्या मागे लागले आणि एका रविवारी आम्ही त्याला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर वयस्कर होते, बोलायला हळू. त्यांनी भोपूच्या पुढच्या पायाच्या सांध्याच्या थोडं वर दाबलं आणि भोपू कुईं करून माझ्या कुशीत शिरला. "कौन दौडाता इसकू?" त्यांनी विचारलं. दादा भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायला लागले. मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "अब्बी दौडाओ नक्को, बेटा. हड्डी का सिरा कच्चा है, वहींच से हड्डी बढती. बडी नस्ल है, साल-डेढ साल लगता पक्का होने कू. तब तक खेलने देओ. मट्टी में, घास में. उनो थक को बैठ गया तो बैठने देओ. रस्सी बांध को अपने साथ दौडाना बिल्कुल नक्को. कुत्ता अपने मालिक के पीछे मरे तक दौडता, बोलता नईं." माझ्याकडे बघून ते पुन्हा म्हणाले, "बोलता नईं." आदित्यला मी जे एका ओळीत सांगितलं ते एवढंच होतं. फोनमध्येही तेच लिहिलेलं असतं म्हणे, फक्त वाचणाऱ्याला ते आपल्या कुत्र्याबद्दल आहे असं वाटत नाही.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि नाकातून हवा सोडली. "हौ, किताबी डॉक्टर आहे तो. मी आठव्या वर्षापासून जोर मारतो, माझी हाडं मोडली का?" दादा मधे बोलतील म्हणून मी थांबले. दादा म्हणाले, "जरा हल्लू घे, वसंता," आणि पेपर उघडला. एवढाच त्यांचा विरोध. माणसाचा असा विरोध बघितला की मला अजूनही त्या माणसाच्या हातचं पाणी पिऊ नये असं वाटतं, मग ते वडील का असेनात.

आमच्या मराठी मंडळाची एक प्रथा होती, अजूनही आहे. घटस्थापनेला तुळजापूरहून ज्योत आणायची. मंडळाची तरुण मुलं देवीच्या दारात मशाल पेटवतात आणि ती हातात घेऊन अनवाणी पळत हैदराबादपर्यंत येतात. एक दमला की दुसरा घेतो, मागे टेम्पो असतो, त्यात बाकीचे बसलेले. सुलतान बाजाराजवळच्या मंडळाच्या हॉलमध्ये बायका ओवाळायला उभ्या असतात. पळणाऱ्यांचे पाय धुतात, त्यांच्या पायांवर कुंकू घालतात, मग त्या ज्योतीने घटाचा दिवा लागतो. मला ही प्रथा आवडायची. अनवाणी पायांच्या त्या मुलांचे चेहरे थकलेले आणि खरे असायचे. त्या वर्षी काकांनी मंडळाच्या बैठकीत जाहीर केलं की शहरात शिरल्यावर, एर्रागड्ड्यापासून हॉलपर्यंत, ज्योतीपुढे तुफान पळणार. टाळ्या पडल्या. दादांनीही वाजवल्या, हे काकांनीच घरी येऊन सांगितलं. भोपू तेव्हा सहा महिन्यांचा होता.

मी रडले, ओरडले, जेवले नाही. भोपूची साखळी पिठाच्या डब्यात लपवली. घटस्थापनेच्या पहाटे काकांनी कपडे वाळत घालायची दोरी सोडली, ती त्याच्या गळ्यात बांधली आणि मला म्हणाले, "अगं, टेम्पोत बसवणार आहे त्याला. शेवटी फक्त गल्लीत उतरवीन. देवीची शपथ." आई घटाची माती चाळत होती. तिने हात थांबवला आणि काकांकडे बघितलं, मग परत चाळायला लागली.

ज्योत सकाळीच यायची होती. वाटेत टेम्पो बंद पडला आणि ती आली भर दुपारी. आश्विनातलं ऊन, डांबराचा रस्ता. हॉलच्या दारात आम्ही ताटकळत उभे होतो, ताटातली फुलं मान टाकून बसली होती. मग ढोल ऐकू आले. सगळ्यांत पुढे काका होते, भगवा फेटा, हातात मशाल, आणि कमरेला बांधलेल्या दोरीच्या टोकाला भोपू. गळ्यात झेंडूचा हार. टेम्पो कुठे होता? मागे, लांब, आणि त्यात मुलं बसलेली. भोपूची जीभ जांभळी पडली होती, डोळे कशावरच नव्हते. पुढचा डावा पाय तो टेकवत होता आणि लगेच उचलत होता. लोक म्हणाले, "बघा, नाचतोय."

पाय धुवायचा मान त्या वर्षी आईला होता. नवी जांभळी साडी, नाकात नथ, हातात तांब्या. तिने काकांचे पाय धुतले. काकांनी दोरी ओढून भोपूला पुढे घेतलं. "वहिनी, तुफानचे पण धुवा. त्याने पण पुण्य कमावलंय." आई क्षणभर उभीच राहिली, कारण तिने त्याला कधी स्पर्श केला नव्हता. मग वाकली आणि तांब्या तिरका केला. पाणी त्याच्या पायांवरून फरशीवर उतरलं ते लाल. मागच्या बायका म्हणाल्या, "किती कुंकू घातलंत हो पाण्यात!" कुंकू ताटात होतं, करंड्यात, झाकण लावलेलं. मी शेजारीच उभी होते, मला दिसत होतं. आईलाही दिसत होतं. एका बाईने वाकून त्या पाण्यात बोटं बुडवली आणि आपल्या कपाळाला लावली. मग तिच्या मुलीच्या. मग आणखी दोघी-तिघी वाकल्या. भोपू मागच्या अंगावर बसला, मग पुढेही कोसळला, आणि मंडळाचे सेक्रेटरी माइकवर म्हणाले, "मुक्या प्राण्यानेसुद्धा देवीपुढे लोटांगण घातलं!" टाळ्या. त्यांनी काकांना शाल पांघरली, हातात नारळ दिला. कुणीतरी भोपूच्या कपाळालाही कुंकू फासलं, ते त्याच्या डोळ्यात गेलं. फोटोवाला म्हणाला, "कुत्र्याची मान वर करा." काकांनी त्याच्या हनुवटीखाली हात घालून मान वर धरली.

मी या वयात बरंच काही बघितलंय. दवाखान्यातल्या नोकरीत माणसांची घाण काढली आहे, शेवटच्या दिवसांत काकांचीसुद्धा काढली. त्याची मला कधी किळस वाटली नाही. त्या दुपारी त्या हॉलमध्ये अत्तर, फुलं, धूप आणि चांगले कपडे घातलेली चांगली माणसं होती, आणि मला त्या सगळ्यांची अशी किळस आली की मी कोपऱ्यातल्या खांबाआड जाऊन ओकले.

तोंड पुसून वळले तेव्हा आईने तांब्या खाली ठेवला होता. ती फरशीवर बसली, दोन्ही हात भोपूच्या पोटाखाली घातले आणि त्याला उचललं. सहा महिन्यांचा अल्सेशियन काही हलका नसतो. झेंडूचा हार, लाळ, रक्त, केस, सगळं त्या नव्या साडीवर. काका म्हणाले, "वहिनी, आरती व्हायची आहे. आणि सोवळ्याचं काय?" आई त्यांच्यासमोर थांबली. तिने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, फेटा, शाल, नारळ, धुतलेले पाय.

"शी!" ती म्हणाली.

माइक चालूच होता. तो शब्द हॉलभर गेला. मग ती मला म्हणाली, "शालू, ऑटो बघ," आणि आम्ही आरती न घेता बाहेर पडलो. दादा मागून दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

तळव्यांची कातडी पावाच्या पापुद्र्यासारखी सुटून आली होती. ती महिनाभरात भरली. डाव्या पायाचं हाड मात्र सांध्याजवळ दबलं होतं, जिथून वाढायचं तिथेच. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवला. भोपू वाढत गेला आणि तो पाय वाकडा होत गेला, बाहेरच्या बाजूला, वर्षभरात कंसासारखा. तो पुष्कळ जगला. मला नोकरी लागली तेव्हाही होता. आई त्याला रोज कोमट तेलाने मालीश करायची, खोबरेल, मोहरीचं नाही, आणि हात धुतानासुद्धा कधी शी म्हणाली नाही. काकांशी ती परत बोलली नाही. जेवायला वाढायची, वरून, अंतर ठेवून.

पण जी गोष्ट मला आजही पचत नाही ती ही नाही. तो फोटो मंडळाच्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं लागलेला होता, तेही मी गिळलं. पचत नाही ते हे, की रोज संध्याकाळी खाली काकांच्या सायकलची घंटी वाजली की भोपू उठायचा. म्हातारा झाल्यावरसुद्धा. आधी मागचे पाय, मग थोडा वेळ तसाच, मग तो चांगला पाय, आणि मग तिनावर लंगडत, तोंडावर आपटत, परत उठत, जिन्यापर्यंत पळायचा. शेपूट हलवत. आणि काका वर येऊन, त्याच्या डोक्यावर थोपटून म्हणायचे, "बघा. अजून पळायचं म्हणतो." त्यांना ते खरंच वाटायचं. त्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं. मी त्या पाण्याकडे बघून पाठ फिरवायची.

काल सकाळी मी वर गेले आणि आदित्यच्या दारावर थाप मारली. तो बूट घालत होता, दोरी मुठीत होती, आणि पिल्लू गोल गोल फिरत होतं. मी आत जाऊन त्याच्या सोफ्यावर बसले आणि हे सगळं सांगितलं, पाण्याच्या रंगासकट. मधे एकदा तो म्हणाला, "काकू, प्लीज," पण मी थांबले नाही. सांगून झाल्यावर मी एकच विचारलं, "हा तुझ्यामागे पळतो की त्याला पळायचंय, हे तुला कसं कळतं?" तो बराच वेळ पिलाचे पंजे दाबून बघत बसला. काय कळणार होतं त्याला त्यातून? मी उठून खाली आले.

आज सकाळी वरचं दार उघडलं, लागलं, आणि जिन्यावरून एकट्याच बुटांचा आवाज खाली गेला. पाठोपाठ वर पिलाने जो गळा काढला, तो सगळी बिल्डिंग जागी होईपर्यंत. दाराला नखं मारत होतं, विव्हळत होतं, जगात कुणी इतकं टाकलेलं नसेल अशा आवाजात. समोरच्या रेड्डीगारूंनी दार उघडून मला विचारलं, "क्या हुआ अम्मा, कुक्का कू कुछ हुआ क्या?"

"कुत्ते कू कुछ नहीं हुआ," मी म्हटलं. "रोने देओ उसकू."

दार लावून मी चहा ठेवला, आणि फार दिवसांनी तो पूर्ण कपभर प्यायले.